आधी बंदूक, मग लोकशाही?

गोदीत पाळी सुटल्यावर टपरीवर एक दोस्त म्हणाला, "आपल्याला रॉलिंग्ज पायजे साला. आधी बंदूक, मग लोकशाही." माझं टाळकं सरकलं. मी मॅट्रिकच, पण घानाच्या जेरी रॉलिंग्जबद्दल वाचलंय.

४ जून १९७९. बंडखोर शिपायांनी हवाई दलाच्या या फ्लाइट लेफ्टनंटला तुरुंगातून काढून सत्तेवर बसवलं. त्याच महिन्यात तीन माजी राष्ट्रप्रमुखांना गोळ्या घातल्या. लोक खूष. भ्रष्टाचार संपणार! मग ऑगस्टात आक्रातला माकोला बाजार सैनिकांनी जमीनदोस्त केला. साठेबाज म्हणून धरलं कुणाला? बाजारातल्या बायांना. भर लोकांत कपडे फेडून फटके. क्रांती म्हणे!

सप्टेंबरात निवडून आलेल्या लिमानला खुर्ची दिली, ३१ डिसेंबर १९८१ ला हिसकावून घेतली. ३० जून १९८२ च्या रात्री, संचारबंदीत, तीन न्यायाधीश आणि एक निवृत्त मेजर घरातून उचलले. न्यायाधीशांतली एक तान्ह्या पोराची आई. फायरिंग रेंजवर नेऊन मारलं. रॉलिंग्जच्या कौन्सिलात बसलेल्या अमार्टी क्वेईला त्यासाठी गोळी घातली. वरून हुकूम कुणाचा, हे घानातले लोक अजून विचारतात.

कामगारांच्या डिफेन्स कमिट्या काढणारा हाच गडी १९८३ ला नाणेनिधीच्या दारात. चलन आपटलं, कोको मंडळाची हजारो माणसं घरी बसली.

पुढचं मी नाकारत नाही. १९९२ ला राज्यघटना केली, वर्दी उतरवून निवडणूक लढला, जिंकला. १९९६ ला पुन्हा. आणि दोन मुदती झाल्यावर, जानेवारी २००१ ला, विरोधी पक्षाच्या कुफोरला खुर्ची देऊन गेला. २०२० ला मेला तो माजी राष्ट्राध्यक्ष म्हणून. खुर्ची सोडणं लहान गोष्ट नाही.

पण त्याच घटनेच्या शेवटी कलम ३४ बघा. लष्करी राजवटीत जे केलं त्याबद्दल कुणालाही कोर्टात खेचता येणार नाही. आणि हे कलम बदलायचा अधिकार संसदेलाही नाही! लोकशाहीत शिरण्याआधी माणसानं मागचा दरवाजा बंद करून घेतला. बाहेरून नव्हे, आतून.

मी दोस्ताला विचारलं, "माकोलातल्या त्या बाईनं कुठल्या कोर्टात जायचं?"

"तू लय वाचतोस," म्हणाला, आणि चहाचे पैसे माझ्या अंगावर टाकून गेला.