घाट, पाऊस आणि विजेची दुचाकी

यंदाच्या आषाढात जोयड्यास भाचीच्या घरी आठ दिवस मुक्काम पडला, तो निव्वळ विश्रांतीसाठी नव्हता. भाची आरोग्यसेविका आहे. रानातल्या विखुरलेल्या वाड्यांवर तिला पावसापाण्याची पर्वा न करता जावेच लागते. तिची पेट्रोलची स्कूटर आता थकली असून तिच्या जागी विजेची दुचाकी घ्यावी की काय, याचा घरात खल चालला होता. शहरात गाडी बंद पडली तर माणूस फार तर रिक्षा करून घरी येतो. येथे भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य, कित्येक वळणांवर मोबाईल मुका. अशा ठिकाणी तिन्हीसांजेला अडकून पडणे ही निराळी गोष्ट आहे. तेव्हा एका परिचिताची गाडी चार दिवसांसाठी मागून आणली आणि आम्ही मामा-भाचीने तिची परीक्षा मांडली.

चढाची धास्ती सर्वांनाच असते, मलाही होती. म्हणून निघण्यापूर्वी कागद-पेन्सिल घेतली. गाडी आणि स्वार मिळून 180 किलो वजन, आणि अणशी घाटाची चढण ढोबळमानाने 500 मीटर धरली, तर तेवढे ओझे वर नेण्यास वीज लागते जेमतेम पाव युनिट! वाटेतली गळती धरून फार तर 0.3 युनिट म्हणू. बॅटरी होती 3 युनिटांची. म्हणजे ज्या घाटाचा एवढा बाऊ, तो केवळ उंचीपोटी दहावा हिस्साच खातो. खरा खादाड म्हणजे अंतर. ओल्या, वळणावळणाच्या रस्त्यावर एका युनिटात तीसेक किलोमीटर गेलो तरी समाधान मानावे. जाहिरातीतला पल्ला सपाट रस्त्याचा आणि हलक्या स्वाराचा असतो, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

भर पावसात जोयड्याहून अणशी, तेथून घाट उतरून कद्र्यापर्यंत आणि परत, असा बेत केला. भाची चालवीत होती. मी मागून तिच्या भावाच्या मोटारीत, छत्री सांभाळत. (दोघे एका गाडीवर बसलो असतो तर गणितच बदलले असते!) कद्र्यास पोहोचलो तेव्हा बॅटरीत दोन तृतीयांश वीज शिल्लक होती. उतारावर मोटारच जनित्र होऊन थोडी वीज परत देते. परंतु चढताना दिलेले सारे काही हाती येत नाही. आणखी एक गोम अशी की, बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही परतफेड घ्यायला तिच्यात जागाच उरत नाही. ज्यांचे घर घाटमाथ्यावर आहे त्यांनी उतरण्यापूर्वी ती थोडी रिकामी ठेवावी, आणि ओल्या उतारावर ब्रेक बेताने, आधीपासून लावावा.

परत अणशीस चढून आलो तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून कमी वीज उरली होती. जोयडा गाठता आले असते, कदाचित. त्या 'कदाचित'वर भाचीचा भरवसा बसेना. ओळखीच्या घरी गाडी दीड तास चार्जिंगला लावली आणि आम्ही गरम कुळथाचे पिठले-भात जेवलो.

पाण्याची भीती मात्र बरीचशी अनाठायी ठरली. बॅटरीवर आयपी 67 असा शिक्का होता; याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहूनही आत पाणी शिरू नये. 2022 साली देशात अनेक ठिकाणी अशा गाड्या पेटल्या, त्यानंतर बॅटरीचे नियम त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून आणि पुढे मार्च 2023 अखेर टप्प्याटप्प्याने कडक झाले. तेव्हा जुनी, त्याआधीची गाडी स्वस्तात मिळते म्हणून भुलू नये. शिवाय ही चाचणी संथ पाण्याची असते. जोरदार फवाऱ्याने गाडी धुणे किंवा वाहत्या ओढ्यात ती घालणे हा निराळा प्रकार.

तिसऱ्या दिवशी घरीच चार्जर लाल दिवा दाखवून हटून बसला. आम्ही अर्थातच गाडीला बोल लावला. वायरमन आला, त्याने भिंतीतला प्लग उघडला आणि हसला. तीन पिनांचा प्लग होता खरा, पण तिसऱ्या भोकामागची अर्थिंगची तार केव्हाच गंजून तुटली होती. इतकी वर्षे मिक्सर आणि इस्त्री त्यावर बिनबोभाट चालली. ओल्या अंगणात, ओल्या हातांनी तासन् तास चार्जिंग करणाऱ्या घराला हे परवडणारे नव्हते. गाडी शहाणी, तिनेच आमचे पितळ उघडे पाडले!

त्याच रात्री कुठेतरी तारांवर झाड कोसळले आणि दोन दिवस गाव अंधारात गेले. येथून जवळच काळी नदीवर 101 मीटर उंचीचे, 1987 मध्ये पुरे झालेले सुप्याचे धरण आहे. त्यापायी जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, कितीतरी बिऱ्हाडे रामनगरास हलली, तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले. त्याच पाण्यावर पुढे नागझरीचे वीजगृह चालते. कंदिलाच्या उजेडात भाची म्हणाली, "मामा, बॅटरीचं सोडा हो. गाडी पास झाली. नापास झालं ते आपलं घर आणि ती तार."

मला उत्तर सुचले नाही.

तूर्त ठरले ते असे : परसात अर्थिंगचा नवा खड्डा खणून त्यात कोळसा-मीठ भरले आहे, मुख्य फळीवर गळती ओळखणारे कट-आउट बसवले आहे. गाडी दिवाळीनंतर घ्यायची. जुनी स्कूटर मात्र विकायची नाही. पावसाळ्याचे चार महिने ती ओसरीवर, टाकी भरून उभी राहील.