हाड सापडले, थर हरवला

शिवालिकच्या टेकड्यांत प्राचीन हत्तीची कवटी किंवा घोड्याचे दात सापडल्याची बातमी आली की वयाचा आकडा ठळक छापला जातो. तो आकडा कोठून आला, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. बहुतेक वाचक कार्बन-१४ गृहीत धरतात. पण ते घड्याळ सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे चालत नाही आणि चंदीगडजवळच्या पिंजोरचे नाव लाभलेले थर जवळजवळ २६ लाख वर्षांपूर्वीपासूनचे आहेत. हे थर नद्यांच्या गाळाचे आहेत. (हिमयुग म्हणजे सर्वत्र बर्फ नव्हे.) त्यातील वाळूचे वय किरणोत्सर्गी पद्धतीने मोजले, तर हाती येते ते हिमालयातील मूळ खडकाचे वय, प्राण्याचे नव्हे.

मग उरते चुंबकत्व. गाळ साचताना त्यातील लोहखनिजांचे कण त्या काळच्या भूचुंबकीय क्षेत्राच्या दिशेने स्थिरावतात. २५.८ लाख वर्षांपूर्वी हे क्षेत्र उलटले. गाउस कालखंड संपून मातुयामा सुरू झाला. ही खूण खडकात आजही मोजता येते. परंतु चुंबकमापी फक्त 'सुलट' किंवा 'उलट' एवढेच सांगतो आणि असे पालट पृथ्वीच्या इतिहासात शेकडो वेळा झाले आहेत. समोरचा पालट त्यांतला कोणता, हे ठरवताना साक्ष काढावी लागते ती घोड्याची: खालच्या तात्रोत थरांत तीन बोटांचा हिप्पेरियन, तर वरच्या पिंजोर थरांत एकखुरी इक्वस. म्हणूनच भौतिकशास्त्र वय मोजते आणि जीवाश्मशास्त्र नुसती हाडे गोळा करते, ही आपल्याकडील विद्यार्थ्यांत रुजलेली समजूत निराधार आहे.

यात एक धोकाही आहे. घोड्यावरून थराचे वय आणि थरावरून घोड्याच्या आगमनाचा काळ, असे चक्र सहज तयार होते. ते भेदायला ज्वालामुखीच्या राखेचा थर लागतो आणि शिवालिकमध्ये असे थर मोजकेच आहेत. त्यातच २००९ साली प्लाइस्टोसीनचा आरंभ १८ लाखांवरून २५.८ लाख वर्षांपूर्वी नेण्यात आला. पिंजोरचे खालचे थर कागदोपत्री एका युगातून दुसऱ्यात गेले. हाडे होती तेथेच राहिली.

म्हणूनच सुटे हाड उचलून नेणे हे खरे नुकसान आहे. फॉकनर आणि कॉटली यांनी १८३०च्या दशकात शिवालिकमधून जमवलेला संग्रह जगप्रसिद्ध झाला, पण त्यातील कित्येक नमुने नेमक्या कोणत्या थरातले, याची नोंदच नाही. आजही पावसाळ्यानंतर ओढ्यांच्या काठी जीवाश्म उघडे पडतात. ते उचलण्यापूर्वी थराचे छायाचित्र, उंची आणि अक्षांश-रेखांश टिपायला दहा मिनिटे पुरतात. संग्रहालयांनी नावाच्या पाटीवर ही नोंद द्यावी; ती नसेल, तर वयाचा आकडाही छापू नये.