कठीण शिखराचा जमाखर्च

चढावयास सर्वांत कठीण पर्वत कोणता, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात तेव्हा त्यांना एक नाव आणि उंचीचा एक आकडा एवढेच उत्तर हवे असते. वागळे इस्टेटीतील कचेऱ्यांत व कारखान्यांत आठवडाभर राबून शनिवारी रात्री ठाण्याहून कसाऱ्याची शेवटची गाडी गाठणारी तरुण मंडळीही हा प्रश्न आपसांत हिरिरीने चर्चितात. प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, गिर्यारोहक नव्हे. तथापि 'कठीण' या शब्दाचा अर्थ लावताना अर्थशास्त्राला थोडेफार बोलण्याचा अधिकार आहे असे त्यास वाटते.

उंची हे काठिण्याचे माप नव्हे, हे प्रथम मान्य करावयास हवे. एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर, के-टू त्याहून सुमारे २३७ मीटरने ठेंगणे. तरीही एव्हरेस्टच्या माथ्यावर आजवर हजारो माणसे जाऊन आली, के-टूवर मात्र काही शेकडाच. भर हिवाळ्यात एव्हरेस्ट १९८० मध्ये सर झाले. के-टूवर हिवाळ्यात पाऊल पडावयास २०२१ साल उजाडावे लागले, आणि तो मान दहा नेपाळी गिर्यारोहकांनी मिळविला. के-टू अधिक उत्तरेस आहे, त्याचे उतार अधिक उभे आहेत, वादळे अधिक लहरी आहेत, हे सारे खरेच. परंतु हा पर्वत मनुष्यवस्तीपासून फार दूर आहे, ही गोष्ट त्याच्या उभ्या कड्याइतकीच महत्त्वाची आहे. शेवटच्या गावापासून पायथ्याच्या तळापर्यंत हिमनदीतून आठवडाभर चालावे लागते. एव्हरेस्टच्या वाटेवर मात्र गावे आहेत, धर्मशाळा आहेत, दवाखाने आहेत.

हिमालयाची ही गोष्ट आपल्या दारातही पडताळून पाहता येते. कल्याणजवळचा मलंगगड हजार मीटरसुद्धा उंच नाही. १७८० मध्ये कॅप्टन ॲबिंग्टनच्या इंग्रज फौजेने त्याच्या खालच्या माच्या घेतल्या. परंतु वरचा बालेकिल्ला मूठभर शिबंदीने लढविला आणि तो काही त्याच्या हाती लागला नाही. तोफा, बंदुका, शिस्तबद्ध पलटण, सारे काही असताना शे-दोनशे फुटांच्या कातळाने त्याला अडविले. आज त्याच डोंगराच्या पीरमाचीवर वयोवृद्ध भाविक पायऱ्यांनी जातात. तेथून वर बालेकिल्ल्याच्या तुटलेल्या वाटेवर मात्र एका लोखंडी नळाच्या आधाराने दरी ओलांडावी लागते, आणि भल्याभल्यांचे पाय लटपटतात. डोंगर तोच, कातळ तोच. पायरी जेथे संपते तेथे काठिण्य सुरू होते.

इगतपुरीच्या बाजूचे अलंग आणि मदन हे दुर्ग याचा आणखी लख्ख दाखला आहेत. कुणा अनाम पाथरवटांनी शतकांपूर्वी तेथील कातळात पायऱ्या खोदल्या आणि दुर्गम कडा शिबंदीच्या रोजच्या जाण्यायेण्याचा झाला. १८१८ मध्ये मराठी राज्य बुडाले आणि इंग्रजांनी या मुलखातील गडांच्या वाटा सुरुंग लावून उडविल्या. त्या एका स्फोटासरशी शेकडो वर्षांचे श्रम वजा झाले आणि अलंग-मदन पुन्हा कठीण झाले. आज तेथे दोर लावल्यावाचून जाता येत नाही. त्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरजवळच्या हरिहरच्या पायऱ्या शाबूत राहिल्या. त्या जवळजवळ उभ्या आहेत, पण सुटीच्या दिवशी त्यांवर रेशनच्या दुकानासारखी रांग लागते. निसर्गाने या दोन ठिकाणी पक्षपात केला नाही. फरक पडला तो छिन्नीचा आणि सुरुंगाच्या दारूचा.

म्हणजे काठिण्य हा नुसत्या पर्वताचा गुण नाही. पूर्वी कुणी किती श्रम तेथे घालून ठेवले आहेत आणि संकटात मदत किती अंतरावर आहे, यांवर ते ठरते. कांचनगंगेचे उदाहरण मराठी वाचकास जवळचे आहे. उंची ८,५८६ मीटर. १९८८ मध्ये मुंबईच्या 'गिरिविहार' संस्थेने वसंत लिमये यांच्या नेतृत्वाखाली तेथे नागरी मोहीम नेली. लष्कराचे पाठबळ नसलेल्या, नोकरीधंदा सांभाळून डोंगर चढणाऱ्या माणसांनी आठ हजार मीटरचे शिखर मनात धरावे, हे त्या काळी धाडसच होते. शिखर हाती आले नाही आणि एका सहकाऱ्याचा प्राण गेला. पुढे २०१९ च्या १५ मे रोजी पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचे दहा गिर्यारोहक उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत एकाच दिवशी त्या माथ्यावर पोहोचले. मधल्या एकतीस वर्षांत पर्वत एक वीतही खचला नव्हता. मात्र उपग्रहावरून मिळणारे हवामानाचे अंदाज आले होते, शेर्पांनी लावलेले दोर होते, आणि २०१२ च्या एव्हरेस्टपासून एकामागून एक शिखरे करीत संस्थेने जमविलेली अनुभवाची पुंजी होती. पहिल्या मोहिमेचे मोल यामुळे कमी होत नाही. उलट नंतरच्या प्रत्येकाने त्या पुंजीतूनच काही ना काही उचलले आहे.

पण येथेच सावध राहावयास हवे. त्याच मे महिन्यात, त्याच शिखराच्या उतारावर, बंगालमधील दोन गिर्यारोहक मृत्युमुखी पडले. दोर तेच होते, अंदाजही तेच. आठ हजार मीटरच्या वर हवेतून समुद्रसपाटीच्या सुमारे एकतृतीयांशच प्राणवायू मिळतो. तेथे थकलेल्या माणसाला दुसऱ्या थकलेल्या माणसाने उचलून आणणे जवळपास अशक्य असते. चढण्याचा खर्च पैशाने बराचसा भागविता येतो, उतरण्याचा भागविता येत नाही.

शिवाय जो खर्च पैशाने भागतो तो प्रत्यक्षात कोण सोसतो, हेही पाहिले पाहिजे. नेपाळ सरकारने एव्हरेस्टचे वसंत ऋतूतील परवानाशुल्क २०२५ मध्ये अकरा हजारांवरून पंधरा हजार डॉलर केले. त्या रकमेने वाट सोपी होत नाही. वाट सोपी करतात ते खुंबूच्या हिमप्रपातात पहाटेच्या अंधारात शिड्या बांधणारे आणि ओझी वाहणारे लोक. २०१४ च्या १८ एप्रिलला त्याच हिमप्रपातात हिमकडा कोसळून सोळा नेपाळी कामगार ठार झाले. ग्राहकासाठी डोंगर सोपा होतो तेव्हा त्याचे काठिण्य नाहीसे होत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाते.

सह्याद्रीत आज नेमके हेच घडत आहे. मोबाइलवर पैसे भरले की लिंगाण्याच्या किंवा अलंगच्या कड्यावर दोर लावून मिळतो. नवख्यास वाटते, की आपण डोंगर विकत घेतला. पाय घसरला, म्हणजे मग जे धावून येतात ते आयोजकाचे पगारी नोकर नसतात. लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांचे स्वयंसेवक येतात, गावातील वाटाड्ये येतात. रात्रभर दरीत उतरून ते माणूस वर काढतात, आणि त्याबद्दल कुणाला देयक पाठवीत नाहीत. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात: व्यवहार दोघांचा, भुर्दंड तिसऱ्याला.

राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांना नोंदणीचे बंधन घातले, हे योग्यच झाले. परंतु नोंदणी म्हणजे बचावाची तरतूद नव्हे. प्रत्येक सहलीच्या शुल्कातून ठरावीक रक्कम जिल्हावार बचाव निधीत जमा व्हावी, तीतून स्वयंसेवकांचा विमा, दोर आणि स्ट्रेचर यांची तजवीज व्हावी, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे. शे-पन्नास रुपयांनी सहल महाग झाली तर झाली. जो तरुण आठशे रुपये बूट घासून झिजवण्यात घालवतो तो तेवढे सोसू शकतो. रविवारी संध्याकाळी फोन आला म्हणून हातातील काम टाकून दोर खांद्यावर घेणाऱ्या माणसालाही सोमवारी सकाळी कुठल्या तरी हजेरीपटावर सही करावयाची असते.