किट होतं, कागदावर नव्हतं


गाडी ‘टोटल लॉस’ ठरल्यावर अलॉय व्हील आणि म्युझिक सिस्टिमचे पैसे विमा कंपनीने ‘खाल्ले’, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा राग समजतो, पण पटत नाही. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, ठरते ती उत्पादकाच्या विक्री किमतीतून घसारा वजा करून. दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के. नंतर बसवलेल्या वस्तू पॉलिसीत वेगळ्या दाखवाव्या लागतात. मीही सीएनजी किट आरसीवर चढवून घेतलं, पॉलिसीत नाही. आळस, दुसरं काय! अपघातानंतर दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला, गाडी ‘टोटल लॉस’ ठरली आणि किटचा रुपयाही हाती आला नाही. नूतनीकरणाच्या वेळी एजंटाने साधं विचारलंही नव्हतं, ही तक्रार मात्र माझीही आहे.
— एक वाचक, सांगली