पिसांचा बाण
बाण सरळ जातो तो मागच्या पिसांमुळे. बाणाच्या काठीसाठी सिद्धगड किल्ल्याच्या परिसरात बांबू आहे, पण किल्ला भीमाशंकर अभयारण्यात येतो, तिथला बांबू तोडता येत नाही. म्हणून काठी शेताच्या बांधावरची घ्यावी. ती सावलीत वाळवून, बाक असेल तिथे निखाऱ्यावर शेकून गरम असतानाच सरळ करतात. धनुष्याची दोरी बसायची खाच पेराला लागून कापली की दोरीच्या धक्क्याने काठी चिरत नाही. पिसे पाळीव कोंबड्याची चालतात. रानपक्ष्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते योग्यच. बाणाला तीन पिसे लागतात; तिन्ही मात्र एकाच बाजूच्या पंखातली हवीत. पिसांचा बाक एकाच दिशेचा असला तरच बाण स्वतःभोवती फिरत स्थिर राहतो. पीस दांड्यातून उभे चिरून १२० अंशांच्या अंतराने चिकटवतात, टोकांना दोरा आवळतात. एक पीस खाचेशी काटकोनात, धनुष्याच्या उलट बाजूला ठेवतात. त्यामुळे सुटताना पिसे धनुष्याला कमी घासतात.