खाडी रिकामी नाही!
(2 फेब्रुवारी, जागतिक पाणथळ दिनानिमित्त खाडीकाठच्या रहिवाशांसाठी पत्रक)



आज भरती किती वाजता आहे? मोबाइल खिशात ठेवा आणि सांगा.

शिवडीपासून ठाण्यापर्यंत आणि ऐरोलीपासून उरणपर्यंत लाखो माणसं खाडीच्या काठावर राहतात. त्यातल्या फार थोड्यांना याचं उत्तर देता येईल. कोळीवाड्यातल्या आजीला मात्र येतं. तिचा हिशेब साधा आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमाराला. थोडा इकडेतिकडे फरक पडतो, पण होडी लावायला आणि जाळं टाकायला हा हिशेब पिढ्यान् पिढ्या पुरला आहे.

आपल्या दारातलं पाणी कधी येतं आणि कधी जातं, हे ज्या शहराला ठाऊक नाही, त्याला ती जागा रिकामी वाटते. आणि रिकामी जागा दिसली की रात्री डंपर येतात. आमची तक्रार इथून सुरू होते.

‘पोटखराबा’ म्हणजे कोणाचं पोट?

सातबारा उघडून पाहा. ज्या जमिनीत पीक निघत नाही तिच्यापुढे ‘पोटखराबा’ असा शेरा असतो. खाडीकाठची कितीतरी दलदल, चिखलाण आणि चिपीची राई कागदावर अशीच पडीक आहे. कागदाला भात कळतो, चिखलातलं पीक कळत नाही.

ओहोटीला एकदा त्या ‘पडीक’ जमिनीवर उतरून पाहा. पाणी मागे सरतं तसा काळा चिखल उघडा पडतो आणि त्यावर बोटभर लांबीचे निवटे उड्या मारू लागतात. मासा असून ते चिखलावर चालतात, चाहूल लागली की बिळात जातात. आगरी-कोळी माणूस कोपरापर्यंत हात घालून त्यांना बिळातून काढतो. पलीकडे खडकावर बायका वाकून बसलेल्या असतात. टोकदार लोखंडाने कालवाचं वरचं कवच उडवायचं, आतलं मऊ मांस डब्यात टाकायचं, की पुढचं कालव. तिसऱ्या आणि खुबे चिखल चाचपून काढायचे. चिंबोरीचं बीळ कोणतं आणि सापाचं कोणतं, हे बिळाच्या तोंडावरून ओळखायचं. पाणी परत फिरेपर्यंत जेवढं हाताला लागेल तेवढी त्या दिवसाची मजुरी.

या शेताला मालक नाही, नांगर नाही, कर्ज नाही, म्हणून त्याची नोंदही नाही. भराव पडला की नुकसानभरपाईच्या यादीत या बायकांचं नाव येत नाही, कारण कागदाच्या लेखी त्यांचं काही गेलेलंच नसतं.

पाणी आणि माणूस, दोघांचा हात

‘निसर्ग एकीकडे, माणूस दुसरीकडे’ ही समजूत किनाऱ्यावर टिकत नाही. अलिबाग-पेणच्या खारेपाटात जा. समुद्राचं पाणी बांध घालून अडवलं आणि मागच्या खाऱ्या जमिनीत भात पिकवलं. 1933 साली चरीच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली संप पुकारला आणि तो सहा वर्षं चालवला, तो याच खारेपाटात. आजही तिथल्या घरामागच्या तळ्यात जिताडा पोसतात आणि पाहुण्याला आग्रहाने वाढतात. गोव्यात अशाच जमिनींना खाजन म्हणतात. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेने ते बांध उभारले. खाऱ्या पाण्याला दाद न देणारं कोरगूट भात त्यांत पिकतं.

या सगळ्याचा जीव एका दारात आहे. रायगडात त्याला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. बांधाच्या तोंडाशी, बाहेरच्या बाजूला लाकडी झडप टांगलेली असते. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. मोटर नको, वीज नको. फक्त वेळोवेळी कोणीतरी गाळ काढायला हवा, कुजलेली फळी बदलायला हवी आणि बांधाला खांड गेली तर त्याच रात्री गावाने फावडी घेऊन धावायला हवं.

आमच्या मते खाडीशी नातं ते हेच. डागडुजीने टिकणारं.

आता नवी मुंबईकरांनो, तुमच्याविषयी. भरतीच्या पातळीपेक्षा खाली असलेल्या जमिनीवर तुमचं शहर वसवलं आहे. त्यासाठी डच पद्धतीने पाणी धरून ठेवणारी तळी, म्हणजे होल्डिंग पाँड, आखली गेली. पावसाळ्यात भरती असताना शहराचं पाणी त्यांत साठतं आणि ओहोटीला झडपांच्या दारातून खाडीत जातं. ओळख पटली का? तुम्ही विसाव्या मजल्यावर ‘क्रीक व्ह्यू’ घेऊन राहता ते एक भलंमोठं खाजन आहे. फरक एवढाच, की खारेपाटातल्या शेतकऱ्याला आपली उघाडी कुठे आहे ते माहीत असतं. तुमच्या सोसायटीत ते कोणाला माहीत आहे? त्या तळ्यांत वर्षानुवर्षं गाळ बसला, त्यावर कांदळवन उगवलं आणि आता गाळ काढायचा की झाडं राखायची, यावर यंत्रणा एकमेकींकडे बोट दाखवत बसल्या आहेत. वेळच्या वेळी गाळ काढला असता तर ही वेळ आली नसती.

रोहितावर प्रेम, चिखलाची किळस

आपल्याला खाडीचं एकच रूप आवडतं, ते गुलाबी. रोहित (फ्लेमिंगो) आले की कॅमेरे येतात, बोटी भरतात, चौकात पुतळे उभे राहतात. 2015 मध्ये ठाणे खाडीत रोहितांसाठी अभयारण्य झालं. 2022 मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. याचा आनंद आम्हालाही आहे. पण पक्ष्याचा दिवस कसा जातो ते बघा. ओहोटीला तो चिखलावर उतरून शेवाळ आणि बारीक जीव गाळून खातो. भरतीला तो चिखल पाण्याखाली जातो, मग त्याला उथळ पाण्यात उभं राहायला दुसरी जागा लागते. ती जागा म्हणजे नेरुळची तळी, उरणचं पाणजे. अभयारण्याची हद्द तिथवर पोचत नाही. जेवणाची खोली राखली आणि झोपायची खोली मोकळी सोडली, अशी ही गत आहे. 2024 च्या उन्हाळ्यात नेरुळच्या तळ्यात भरतीचं पाणी येईनासं झालं, तळं आटत गेलं आणि रोहित मेले, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं की त्या तळ्यालाही एक तोंड आहे आणि ते उघडं ठेवावं लागतं.

अशा जागा राखा म्हटलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘ती नैसर्गिक पाणथळ नाही, माणसाने बांध घातल्यामुळे पाणी साठलंय.’ 2017 च्या पाणथळ नियमांनीही भातशेती, मिठागरं आणि मत्स्यशेतीची बांधकामं व्याख्येबाहेर ठेवली आहेत. मग कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर उरलं काय? इथली कितीतरी पाणथळ माणसाच्या हाताने घडली आहे. बांध माणसाचा, पाणी समुद्राचं, मासा दोघांचा. माणसाचा हात लागला म्हणून जी जमीन संरक्षणातून वगळली जाते, तीच जमीन माणसाच्या डंपरला मात्र खुली होते. या तर्काला काय म्हणावं?

शेतकऱ्याला झाडाशी कोणी लढवलं?

आमच्या बाजूच्या लोकांनाही चार शब्द सुनावले पाहिजेत. खारबंदिस्तीकडे दुर्लक्ष झालं, उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतात शिरलं. दोन-चार वर्षांत तिथे तिवरं उगवली. मग शेतकऱ्याला सांगण्यात आलं: आता हे कांदळवन आहे, हात लावायचा नाही. ज्याची भाकरी बुडाली त्यालाच आरोपी केलं. शहरातल्या आम्हा पर्यावरणप्रेमींनी त्याच्यासाठी कधी आवाज उठवला? झाड वाचलं म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या आणि बांध कोणी फोडू दिला हे विचारलं नाही. मग तोच शेतकरी उद्या वैतागून जमीन भरावाला देतो, तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवायचा अधिकार आम्हाला उरत नाही.

कायदा आहे, पहारा नाही

26 जुलै 2005 विसरला नसाल. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीने आपली गमावलेली जागा एका दिवसात परत मागितली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीला आणि भरावाला मनाई केली, आणि 2018 मध्ये निकाल दिला की कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत अधिकारांचा भंग आहे. 2020 मध्ये पांढरी चिपी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. न्यायालयाने सांगितलं, सरकारने मान दिला. पण रात्री दोन वाजता राडारोड्याचा डंपर येतो तेव्हा तिथे न्यायालय नसतं. तिथे आपण असायला हवं.

आमच्या मागण्या

1. खाडीकाठची प्रत्येक पाणथळ, मग ती निसर्गाची असो की बांधाची, गावाच्या आणि प्रभागाच्या नकाशावर नावानिशी दाखवा. नाव कोळीवाड्यातलं आणि गावातलं असू द्या, सर्व्हे नंबर पुरेसा नाही.

2. भरतीच्या प्रत्येक तोंडाची, उघाडीची आणि झडपेची यादी जाहीर करा. कोणाच्या जबाबदारीत ती येते, शेवटचा गाळ कधी काढला, ही माहिती जागेवर फलकावर लावा.

3. चिखलावर पोट भरणाऱ्यांची, विशेषतः कालवं-तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांची, मच्छीमार म्हणून नोंद करा. कोणत्याही प्रकल्पाच्या भरपाईत त्यांचा वाटा धरा.

4. फुटलेले खारबांध बांधायला पैसा आधी द्या. शेतकऱ्याला कांदळवनाच्या खटल्यात ओढण्याआधी बांध का फुटला याची चौकशी करा.

5. किनारपट्टी नियमन आराखड्याची जनसुनावणी मराठीत, कोळीवाड्याजवळ आणि बोटी समुद्रात नसतील अशा दिवशी घ्या. तो दिवस कोणता, हे कोणत्याही कोळ्याला विचारलं तरी सांगेल.

आणि तुम्ही?

घराची मोडतोड कराल तेव्हा राडारोडा कुठे जातो हे ठेकेदाराला विचारा आणि ‘टाकतो कुठेतरी’ असं उत्तर आलं तर त्याला काम देऊ नका. सोसायटीच्या पुढच्या सभेत पार्किंगच्या आधी एक विषय घ्या: आपलं पावसाचं पाणी कोणत्या तोंडाने खाडीत जातं? बाजारात कालवं, निवटे विकायला बसलेल्या मावशीला विचारा की तिने ते कुठून आणले आणि ती जागा अजून किती शिल्लक आहे.

आणि येत्या पौर्णिमेला खाडीवर या. वेळ आम्ही सांगणार नाही. पंधराची पाऊणपट करा, त्यात सहा तास मिळवा. त्या सुमाराला पाणी पार मागे गेलेलं असेल. जुन्या चपला घाला, मुलांना बरोबर आणा आणि चिखलात उतरा.

आपले,
खाडीकाठचे रहिवासी

(हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याला द्या. खाडीत टाकू नका.)