वऱ्हाड उशिरा आलं तरी चालेल, पण...

गेल्या महिन्यात एका कॉलेजातल्या मुलाला मी दोन वीकेंड उगाच गच्चीवर चढवलं. त्याला हॅम लायसन्स नुकतंच मिळालेलं, आणि ९६०० बॉडची पॅकेट्स घ्यायचीच म्हणून हट्टाला पेटलेला. एस मीटर फुल्ल, पण एक पॅकेट डिकोड होईल तर शपथ! मी आपला तज्ज्ञाच्या थाटात सांगतोय, "अँटेना बघ रे."

अँटेनाचा काही दोष नव्हता. ऑडिओ घेतला होता स्पीकरच्या जॅकमधून. तिथे पोचेपर्यंत सिग्नल बोलण्यासाठी बनवलेल्या फिल्टरांतून जातो, साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ. ९६०० ला त्याच्या खालचं आणि वरचंही लागतं. आणि जे उरतं, त्याचा ग्रुप डिलेही सारखा नसतो.

ग्रुप डिले म्हणजे काय? लग्नाचं वऱ्हाड घ्या. अख्खी बस तासभर उशिरा आली तर मुहूर्त पुढे ढकलता येतो. पण नवरदेव आला आणि भटजी मागच्या गाडीत अडकले, की झाला गोंधळ! फिल्टर हेच करतो. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला उशीर होतो, पण सगळ्यांना सारखा नाही. फिल्टरची कड जितकी तीव्र, तितका कडेजवळ जास्त. आपला कान हे माफ करतो, डिकोडर नाही.

मग बघायचं एवढंच, की एक सिम्बॉल किती वेळ टिकतो? एफटी८ मध्ये १६० मिलिसेकंद, पीएसके३१ मध्ये ३२, आरटीटीवायमध्ये २२, १२०० बॉडला ०.८३ आणि ९६०० ला जेमतेम ०.१. अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक एफटी८ ला कळणारही नाही. ९६०० मध्ये तेवढ्यात जवळजवळ पाच बिट्स येऊन जातात.

म्हणून माझं मत, "फिल्टर जितका अरुंद तितका चांगला" हा मोर्सचा मंत्र डिजिटलला डोळे मिटून लावू नका. शेजारचं दणदणीत स्टेशन एजीसी दाबत असेल तर जरूर अरुंद करा. एरवी रेडिओ मोकळा ठेवा आणि चाळायचं काम सॉफ्टवेअरला द्या. तिथला लिनिअर फेज एफआयआर फिल्टर सगळ्या फ्रिक्वेन्सींना एकसारखाच उशीर करतो.

पोराने शेवटी मागच्या डेटा पोर्टला वायर जोडली. त्याच संध्याकाळी पॅकेट्स सुरू! मी गुपचूप सॉरी म्हटलं. ऑफिसात कारण न शोधता "सर्व्हर रीस्टार्ट कर" म्हणणाऱ्यांना मी शिव्या घालतो. आता जरा कमी घालीन म्हणतो.